चिखले ते ताडोबा : रस्त्याआधी प्रवेशद्वार

डहाणू तालुक्यातील चिखले, घोलवड, बोर्डी या किनाऱ्यालगतच्या गावांतून किंवा महामार्गावरील तलासरीहून स्वतःच्या मोटारीने ताडोबाला जाण्याचा बेत आखताना सहसा आधी रस्ता ठरतो, मग मुक्काम ठरतो आणि सफारीच्या आरक्षणाचा विचार सर्वांत शेवटी होतो. वस्तुतः हा क्रम उलटा असावा लागतो. कारण निघण्याची वेळ आणि वाटेतले थांबे प्रवासी बदलू शकतो, परंतु वनात शिरण्याचे प्रवेशद्वार, दिवस आणि गाड्यांची मर्यादित संख्या या गोष्टी वनविभाग ठरवतो.

पहिला घोटाळा संज्ञांचा आहे. केंद्र शासनाच्या 1991 च्या अधिसूचनेमुळे डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, म्हणून तो अभयारण्यासारखाच संरक्षित आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती अधिसूचना पर्यावरण संरक्षणाच्या 1986 च्या कायद्याखालील असून तिचा रोख उद्योग आणि जमीनवापर यांवरील निर्बंधांवर आहे. राष्ट्रीय उद्यान ही वन्यजीव संरक्षणाच्या 1972 च्या कायद्यातील संज्ञा असून तेथे गुरे चारण्यासही मनाई असते, तर अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू राहू शकतात. व्याघ्र प्रकल्प ही या दोहोंवर बेतलेली वेगळी रचना होय, जिच्यात वाघांसाठी राखलेल्या गाभा क्षेत्राभोवती गावे-शेतीसह बफर क्षेत्र असते. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले आणि दोन्ही मिळून पुढे व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. त्यामुळे आगरझरी, देवाडा किंवा अलिझंझा या बफर प्रवेशद्वारांचे तिकीट काढणारा पर्यटक ताडोबाला जाऊन आला तरी राष्ट्रीय उद्यानात शिरलेला नसतो. यात त्याचे काही बिघडत नाही, कारण वाघ ही हद्द मानत नाही.

राष्ट्रीय उद्यान म्हटले की वाघ असणारच, हा समजही चिखल्याच्या शेजारीच खोटा ठरतो. नवसारी जिल्ह्यातील वांसदा हे 1979 मध्ये घोषित झालेले, सुमारे 24 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान डहाणूहून एका दिवसात पाहून येण्याजोगे आहे. तेथे बिबट्या आहे, वाघ मात्र उरलेला नाही.

स्वतःची मोटार वनात नेता येते, ही समजूत लांबून येणाऱ्यांना फार महागात पडते. खासगी गाडी प्रवेशद्वारापाशीच थांबते आणि पुढे नोंदणीकृत उघड्या जिप्सीतून, मार्गदर्शकासह, सकाळच्या किंवा दुपारच्या फेरीतच जावे लागते. आरक्षणात नोंदवलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात सोबत नसेल, तर सहल तेथेच संपू शकते. शिवाय सर्व प्रवेशद्वारे एकमेकांजवळ आहेत असे धरून मुक्काम निवडला जातो. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूस आणि कोलारा चिमूरच्या बाजूस असल्याने एकीकडे खोली व दुसरीकडे पहाटेची फेरी असा घोळ झाल्यास वनाला लांबचा वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात सगळे जंगल बंद असते, हेही अर्धसत्य होय : 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद राहते, बफरमधील फेऱ्या मात्र चालू असतात. उन्हाळा टाळावा, हा सल्ला अंगाला मानवणारा असला तरी वाघ पाहण्याच्या दृष्टीने चुकीचा आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत पाणी आटून प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. अर्थात कोणत्याही ऋतूत वाघाची हमी कोणी देऊ शकत नाही.

आता रस्ता. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून विदर्भ एका दिवसाच्या अंतरावर आला, असे म्हटले जाते. मुंबई-नागपूरपुरते ते खरे असले, तरी चिखल्याहून आधी कासा, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर असा वळणावळणांचा रस्ता पार करून नाशिकमार्गे सिन्नरजवळ समृद्धी गाठावा लागतो आणि वर्ध्याला तो सोडल्यावरही पुढचा प्रवास उरतोच. एका बाजूचे अंतर 800 किलोमीटरच्या आसपास जाते. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे भान हरपणे आणि तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटणे हे येथील खरे धोके आहेत, म्हणून निघण्यापूर्वी टायरची तपासणी आणि दोन चालक या गोष्टींना पर्याय नाही. दुचाकींना या महामार्गावर मनाईच आहे. मेहकरजवळून वळून लोणारला, उल्कापाताने बनलेल्या सरोवराकाठी, रात्र काढणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग ठरतो, कारण तेथे साधारण निम्मे अंतर संपते.

गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, ही बाब मुक्काम ठरल्यावर अनेकांच्या ध्यानी येते. बुधवारी निघून लोणारला थांबणे, गुरुवारी प्रवेशद्वारालगत पोहोचणे, शुक्रवारी दोन्ही फेऱ्या करणे आणि शनिवारी परत फिरून रविवारी चिखले गाठणे, या आखणीत ती अडचण मुळातच येत नाही. मात्र शुक्रवारचे आरक्षण हाती आल्याशिवाय लोणारची खोलीही घेऊ नये.