अब्राहामाचा देव कोणाचा?

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हीटन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या लॅरिशा हॉकिन्स यांनी हिजाब घातलेला आपला फोटो फेसबुकवर टाकला. काही दिवसांपूर्वी कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो येथे गोळीबार झाला होता आणि त्याचा राग सरसकट मुस्लिमांवर निघत होता. त्यांच्या पाठीशी उभे राहायचे म्हणून नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आपण हिजाब घालू, असे हॉकिन्स यांनी लिहिले. पोप फ्रान्सिस यांचा दाखला देऊन त्यांनी पुढे असेही म्हटले की, ख्रिस्ती आणि मुस्लिम एकाच देवाची उपासना करतात.

व्हीटन ही इव्हँजेलिकल पंथाची नावाजलेली संस्था. प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम इथलेच विद्यार्थी. कॉलेजने हॉकिन्स यांना रजेवर पाठवले. हरकत हिजाबाला नव्हती, त्या विधानाला होती. जानेवारीत बडतर्फीची प्रक्रिया सुरू झाली, फेब्रुवारीत समझोता झाला आणि त्या कॉलेजातून बाहेर पडल्या.

विरोधकांचे म्हणणे साधे होते. ख्रिस्ती देव म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य. इस्लाम येशूला संदेष्टा मानतो, देवाचा पुत्र मानत नाही. मग दोघांचा देव एक कसा?

हीच कसोटी यहुद्यांना लावून पाहिली पाहिजे. त्रैक्य तेही नाकारतात, आणि येशूला संदेष्टाही मानत नाहीत. तरी यहुद्यांचा देव निराळा, असे ख्रिस्ती धर्मपंडित सहसा म्हणत नाहीत. म्हणणारा एक होऊन गेला. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुन्या करारातला देव आणि येशूचा पिता हे दोन वेगळे ठरवले, आणि रोमच्या ख्रिस्तमंडळाने त्यालाच बाहेर काढले. यहुद्यांना दिलेली ही सवलत मुस्लिमांना का नाही, याचे समाधानकारक उत्तर व्हीटनच्या वादात मिळाले नाही.

यहुदी परंपरेत तर हिशेब उलटाच लागतो. मायमोनिडीज हा बाराव्या शतकातला सर्वांत मोठा यहुदी पंडित. कॉर्डोबात जन्मला; अल्मोहाद राज्यकर्त्यांनी धर्मांतराची सक्ती केली तेव्हा कुटुंबासह परागंदा झाला आणि शेवटी इजिप्तमध्ये फुस्तातला स्थिरावला. मुस्लिम सत्तेचा असा जाच सोसलेला माणूस. त्याच्याकडे ओबद्याह नावाच्या एका धर्मांतरिताचे पत्र आले. हा पूर्वी मुसलमान होता. मुस्लिम मूर्तिपूजक नाहीत, असे तो म्हणाला, तर त्याच्या यहुदी गुरूने त्याला मूर्ख ठरवून झिडकारले. हजला गेलेले लोक दगड मारतात, ती मूर्तिपूजा नव्हे काय, असा गुरूचा सवाल. मायमोनिडीजने कौल शिष्याच्या बाजूने दिला. त्या विधींचे मूळ काहीही असो, आज ते करणाऱ्यांचे मन एका देवाकडेच लागलेले आहे; ते आपल्याविषयी खोटे बोलतात म्हणून आपण त्यांच्याविषयी खोटे बोलायचे नाही. शिवाय ज्याने दुखावले त्या गुरूने शिष्याची क्षमा मागावी, असेही त्याने लिहिले.

ख्रिस्ती लोकांना मात्र त्याने मूर्तिपूजकांतच गणले. तरीही तोरा हा यहुदी धर्मग्रंथ शिकवायचा झाला तर तो ख्रिस्त्यांना शिकवावा, मुस्लिमांना नको, असा त्याचा निर्णय होता. कारण ख्रिस्ती लोक तो ग्रंथ खरा मानतात, तर मुस्लिमांच्या मते तो बदलला गेला आहे. एकाशी देव जुळतो, दुसऱ्याशी ग्रंथ. हे तिघांचे नाते कधीच सारख्या अंतराचे नव्हते, आणि तिघांना एकाच प्रश्नात कोंबणाऱ्या चर्चेत नेमके हेच निसटते.

कुराणाची भूमिका या प्रश्नावर स्पष्ट आहे. ग्रंथधारकांचा, म्हणजे यहुदी-ख्रिस्त्यांचा, आणि मुस्लिमांचा देव एकच, असे एकोणतिसावी सूरा सांगते. त्रैक्याचा निषेधही त्याच ग्रंथात आहे. देव तोच, तुमचे त्याच्याविषयीचे बोलणे चुकीचे, अशी ही मांडणी आहे. भांडणारे दोघे एकाच देवाविषयी बोलत असल्याशिवाय ती करताच येत नाही.

कुराणातली ही ओळख जीवही वाचवू शकते, असे सांगणारी एक कथा मुंबईच्या बेने इस्राएल या यहुदी समाजात चालत आली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सॅम्युएल इझिकिएल दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले. बेने इस्राएल हे नाव कुराणातून ठाऊक असलेल्या टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला. सुटकेनंतर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधले.

दोघांचा देव एकच, असा शब्द रोमनेही फार पूर्वी दिला होता. १०७६ मध्ये पोप सातवे ग्रेगरी यांनी आजच्या अल्जीरियातल्या अन-नासिर या अमिराला पत्र लिहून, आपण दोघे वेगवेगळ्या रीतीने का होईना, एकाच देवाला मानतो, असे कळवले. अमिराने ख्रिस्ती कैदी सोडले होते, त्याचे हे उत्तर. पुढे वीसेक वर्षांतच पहिले क्रुसेड निघाले. हीच भूमिका चर्चच्या अधिकृत शिकवणीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाले. मुस्लिम एकमेव, दयाळू देवाची उपासना करतात, येशूला संदेष्टा मानतात, मरियेचा आदर करतात, प्रार्थना, दानधर्म आणि उपवास पाळतात, हे सगळे त्यात आदराने नोंदवले आहे. मुहंमदांचे आणि कुराणाचे नाव मात्र त्यात कुठेही नाही.