रात्रीचा बास गावापर्यंत कसा पोचतो?

नाशिकच्या सुला वाईनयार्ड्समध्ये, गंगापूर धरणाच्या परिसरात, २००८ साली सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला. अशा उघड्यावरच्या रॉक मैफलीला मित्रासोबत गेलात, तर मंचापासून सत्तरेक मीटर मागे उभे राहा. ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते, ठोका मागाहून येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणून सेकंदाचा पाचवा हिस्सा उशीर.

खरी गंमत सूर्य मावळल्यावर. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे ध्वनी वर वळून निसटतो. थंडीत निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, वरची हवा उबदार राहते आणि तोच ध्वनी खाली वाकतो. गिटारचे तीव्र सूर हवा वाटेतच शोषते. दूरच्या वस्तीला ऐकू येते ती बासची धडधड.

मंचाजवळ मात्र जपा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांतच कानाची सुरक्षित मर्यादा संपते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जाताना दोघांसाठीही इअरप्लग न्या.