रोशाचे तेल : सुगंध आणि परिरक्षण

‘इसेन्शियल ऑइल’ या नावाचे भाषांतर काही वेष्टनांवर ‘आवश्यक तेल’ असे केलेले आढळते. ते चुकीचे आहे. मूळ शब्द ‘इसेन्स’, म्हणजे अर्क, यावरून आला; गरजेशी त्याचा संबंध नाही. मराठीत त्याला बाष्पनशील तेल किंवा सुगंधी तेल म्हणतात.

आपल्या परिसरातले त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे निमाड, बैतूल आणि खानदेशातल्या रोशा गवताचे तेल. पावसाळा सरताना फुलोऱ्यावर आलेले हे गवत कापून भट्टीवर त्याचे तेल काढतात. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य दोन्हींत असते. रोशाच्या मोतिया प्रकारात त्याचे प्रमाण साधारणतः ७० ते ८५ टक्के असते.

जिरॅनिऑल जीवाणू आणि बुरशी यांच्या पेशींच्या पटलाला इजा करते. त्यामुळे प्रसाधनांत हे तेल ‘नैसर्गिक परिरक्षक’ म्हणून सुचवले जाते. मात्र प्रसाधनात पाणी आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. कोरडे उटणे किंवा फक्त तेल-मेणाचे मलम यांत जंतू सहसा वाढत नाहीत. क्रीम, लोशन, कोरफडीचा गर यांत ते वाढतात, आणि वाढतात ते पाण्यात. सुगंधी तेल पाण्यात फार थोडे विरघळते. क्रीममध्ये त्याचा बहुतेक भाग तेलाच्या थेंबांतच राहतो. राखण हवी पाण्याला आणि राखणदार बसतो तेलात, अशी ही गत होते.

मग मात्रा वाढवावी, तर त्वचेचा प्रश्न उभा राहतो. जिरॅनिऑलची काहींना ॲलर्जी असते. युरोपीय संघात, त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ते ०.००१ टक्क्याहून अधिक असल्यास वेष्टनावर त्याचा उल्लेख करावा लागतो. ते गवतातून आले की कारखान्यातून, याने नियमात फरक पडत नाही.

म्हणून सुगंधी तेल हे परिरक्षकाचे साहाय्यक मानावे. एकट्यावर भिस्त ठेवू नये. घरी केलेला पाणीयुक्त लेप त्या वेळेपुरताच करावा. विक्रीच्या मालाला परवाना लागतो, आणि त्यात मान्यताप्राप्त परिरक्षक घालून जंतुपरीक्षा करून घ्यावी. डबीला छान वास येतो एवढ्यावरून ती निर्जंतुक ठरत नाही. उलट तोच वास बिघाड झाकू शकतो. विशेषतः डोळ्यांजवळ लावायच्या प्रसाधनात ही चूक महागात पडते.