जुन्या रायफलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपणांस देवळांच्या संबंधानें परिचयाचा आहे. पडक्या शिखराची डागडुजी केली, मूर्तीस वज्रलेप दिला, कीं देऊळ पुन्हा नांदतें होतें. परंतु यंत्रानें घडविलेल्या, आणि त्यांतही जीव घेण्याकरितां घडविलेल्या, वस्तूचा कोणी जीर्णोद्धार करीत बसावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. तथापि इंग्लंड, कॅनडा, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांतील कित्येक गृहस्थ आपला फुरसतीचा वेळ याच कामांत घालवितात. झिजलेली, गंजलेली, लाकूड तुटलेली जुनी सैनिकी रायफल मिळवावयाची आणि ती नुकतीच कारखान्यांतून बाहेर पडल्यासारखी करावयाची, हा त्यांचा छंद. त्याला हातांचें कौशल्य तर लागतेंच. पण त्याहून अधिक एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो, आणि तो प्रश्न आपल्या माजघरांतील जुन्या वस्तूंसही लागू आहे. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल ली-एन्फील्ड ही एकच रायफल घेऊं. 'ली' हें नांव जेम्स पॅरिस ली या संशोधकाचें. त्याचा जन्म १८३१ सालीं स्कॉटलंडांत झाला व बालपण कॅनडांत गेलें. काडतूस नळींत ढकलणारा बोल्ट आणि त्याच्या खालीं बसणारी काडतुसांची पेटी या त्याच्या कल्पना. 'एन्फील्ड' हें लंडनच्या उत्तरेचें गांव. तेथील सरकारी कारखान्यांत नळीच्या आंतील पेचदार चरांची रचना ठरली. १९०७ सालीं मंजूर झालेली या घराण्यांतील 'मार्क ३' ही आंखूड रायफल पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश पायदळाचें मुख्य शस्त्र होती. नळीचा व्यास .३०३ इंच, पेटींत दहा काडतुसें, वजन सुमारें चार किलो. बर्मिंगहॅम येथें, ऑस्ट्रेलियांत लिथगो येथें, आणि आपल्याकडे हुगळीकांठच्या ईशापूर येथें ती तयार होई. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती इतकीं वर्षें राहिली कीं, २००८ सालच्या २६ नोव्हेंबरच्या रात्रीं मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पहाऱ्यास असलेल्या कांहीं पोलिसांच्या हातीं याच कुळांतील .३०३ रायफल होती. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं तिला समारंभपूर्वक निरोप दिला.

अशी रायफल झिजते कशी, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. निदानावांचून औषध देणें व्यर्थ. नळीच्या आंत दोन शत्रू असतात. पहिला उष्णता. कॉर्डाइट नांवाची दारू इतकी तप्त जळते कीं, नळीच्या मागील टोंकाचें पोलाद ती हळूहळू खाऊन टाकते. आरंभीं लीच्या बोल्टास मेटफर्डनें आंखलेल्या उथळ चरांची नळी जोडीत. कॉर्डाइटपुढें तिचा टिकाव लागेना, म्हणूनच एन्फील्ड येथें अधिक खोल चर काढावे लागले. दुसरा शत्रू मीठ. जुन्या काडतुसांच्या टोपींत क्लोरेट हा क्षार असे. बार उडाल्यावर त्याचें पोटॅशियम क्लोराइड नळींत चिकटून राही, आणि पावसाळ्यांत मिठाच्या बरणीस पाणी सुटावें त्याप्रमाणें हवेंतील ओल ओढून घेई. नुसतें तेल पुसून तें जात नाहीं, कारण मीठ पाण्यांत विरघळतें, तेलांत नाहीं. म्हणून गोळीबारानंतर नळींत उकळतें पाणी ओतावें, ती कोरडी करावी व मग तेल लावावें, असा ब्रिटिश लष्करांत परिपाठ होता. ज्या शिपायानें तो पाळला त्याची नळी आजही आरशासारखी दिसते. ज्यानें टाळला त्याचा आळस नळींत देवीच्या व्रणांप्रमाणें कायमचा उमटलेला आहे.

लाकडाची कथा निराळी. इंग्लंडांतील रायफलीस अक्रोडाचें लाकूड वापरीत, आणि शिपाई त्यास जवसाचें तेल चोळीत. हें तेल हवेंत सुकून घट्ट होतें व ओल आंत शिरूं देत नाहीं. परंतु लोखंडास दिलेलें यंत्राचें तेल सुकत नाहीं. तें वर्षानुवर्षें लाकडांत मुरून त्यास काळें व भुसभुशीत करतें. बार उडतांना जो मागें दणका बसतो तो या लाकडाच्या दोन लहानशा खांद्यांनीं झेलावयाचा असतो. ते मऊ पडले कीं, लोखंड लाकडांत सैल होतें आणि नेम चुकूं लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक संकट आलें. लष्करास नकोशा झालेल्या असंख्य रायफली कॅनडा व अमेरिका येथें अत्यंत स्वस्त विकल्या गेल्या. हरणाच्या शिकारीस निघालेल्या शेतकऱ्यास एवढें ओझें नको असे. त्यानें पुढचें लाकूड करवतीनें कापलें, लोखंडी कड्या काढून टाकल्या, आणि प्रसंगीं नळीही आंखूड केली. त्याचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. त्याला इतिहास नको होता. हिंवाळ्याची बेगमी हवी होती. परंतु आज जीर्णोद्धारास येणाऱ्या रायफलींत अशा कापलेल्या रायफलींचा भरणा मोठा आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. जाणता कारागीर प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करतो, आणि त्यानंतर बराच वेळ नुसती पाहत बसतो. प्रत्येक भागाचें छायाचित्र घेतो, प्रत्येक अंक व ठसा वहींत उतरवितो, आणि मगच पेचकस हातीं धरतो. भाग सोडविण्यालाही क्रम आहे. 'मार्क ३' चा खांद्याकडील दस्ता एका लांब स्क्रूनें बसविलेला असतो, व त्या स्क्रूचें चौकोनी टोंक पुढील लाकडांत अडकलेलें असतें. पुढचें लाकूड न काढतां दस्ता फिरविण्याची घाई केली, तर शंभर वर्षें टिकलेलें लाकूड क्षणांत चिरतें.

लाकडावरील मळ हलक्या हातानें पुसावा, मुरलेलें तेल खडूच्या भुकटीचा लेप देऊन शोषून घ्यावें. पोंचा पडला असेल तेथें ओलें फडकें ठेवून वर तापलेली इस्त्री टेकवावी. दबलेले तंतू वाफेनें फुगून वर येतात. कांचकागद मात्र शक्य तों दूर ठेवावा. त्यानें लाकूड गुळगुळीत होतें हें खरें, पण कडा गोल होतात, कारखान्याचे ठसे पुसले जातात, आणि लाकूड लोखंडाच्या पातळीखालीं जातें. शेवटीं जवसाच्या तेलाचे अगदीं पातळ हात, मध्यें कांहीं दिवसांचें अंतर ठेवून, तळहातानें चोळून द्यावे. या कामीं उतावळेपणा उपयोगाचा नाहीं.

लोखंडावरचा तांबडा गंज तेल व अत्यंत बारीक पोलादी लोकर यांनीं सुटतो. जुन्या पद्धतीची काळसर झिलई पुन्हा द्यावयाची असल्यास कृति मोठी मनोरंजक आहे. स्वच्छ पोलादास विशिष्ट क्षारांचें द्रावण लावून दमट जागीं ठेवतात; त्यावर मुद्दाम बारीक गंज चढूं देतात. मग तो भाग स्वच्छ पाण्यांत उकळतात. उकळीनें तांबडा गंज पालटून काळा ऑक्साइड बनतो, व वरची सैल भुकटी घासून काढल्यावर खालीं काळसर छटा उरते. असें अनेक वेळां केलें म्हणजे खोल, शांत काळा रंग येतो. काट्यानें काटा काढावा तसा गंजानेंच गंजाचा प्रतिबंध करावयाचा. कापलेल्या लाकडास नवा तुकडा जोडावयाचा असेल, तर कुशल सुतार तो सांधा लोखंडी कडीच्या खालीं येईल असा बेततात.

येथपर्यंत सर्व ठीक. पण यांतून तो प्रश्न उभा राहतो : किती नवें करावें ?

स्वतः लष्करानें या प्रश्नाचें उत्तर फार सोपें दिलें होतें. झिजलेल्या रायफली कारखान्यांत परत नेऊन, झिजलेले भाग बदलून, पुन्हा झिलई चढवून त्या जवळजवळ नव्या करीत. यास 'फॅक्टरी थरो रिपेअर' म्हणत, व त्याचीं आद्याक्षरें आणि कित्येकदां सालही रायफलीवर ठोकीत. ही आपल्या कल्हईसारखी गोष्ट होय. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली कीं कल्हईवाल्यास बोलवावयाचें. जुनी कल्हई गेली म्हणून कोणी हळहळत नाहीं, कारण पातेल्यांत उद्यां आमटी करावयाची असते. ज्या वस्तूचा वापर चालूं आहे तिचें नवेपण हाच तिचा धर्म.

परंतु त्याच पातेल्याच्या कांठावर पणजीचें नांव व साल घातलेलें असतें. कल्हई तें नांव पुसत नाहीं; पण कोणी हौशीनें सारें पातेलें यंत्रावर धरून आरशासारखें चकचकीत करूं म्हणेल, तर नांव जाईल आणि पातेलें बाजारांतल्या कोणत्याही पातेल्यासारखें होईल. रायफलीचेंही असेंच आहे. तिच्या अंगावर कारखान्याचें चिन्ह, साल, तपासनिसाचे ठसे व अंक असतात. जुन्या रायफलींच्या दस्त्यावर तर पितळी चकती बसवून तीवर पलटणीची खूण घालीत. गंजाचे खड्डे भरून निघत नाहींत. ते नाहींसे करावयाचे तर सभोंवतालचें पोलादच घासून खालीं आणावें लागतें, आणि त्याबरोबर ही सारी लिपि जाते. एकदां घासलेलें पोलाद परत येत नाहीं.

शिवाय ज्या नवेपणाच्या मागें ही धांव, तें नवेपण पुष्कळदां कधीं अस्तित्वांतच नव्हतें. महायुद्धाच्या घाईंत १९१६ च्या सुमारास दूर पल्ल्याची नेम धरण्याची योजनासुद्धां गाळून रायफली सोप्या केल्या गेल्या, आणि हत्यारांचे ओरखडे तसेच राहूं दिले गेले. अशा रायफलीस आरशाची झिलई देणें म्हणजे तिला नवी करणें नव्हे, तर ती कधींच नव्हती असें कांहीं बनविणें होय. खरें नवेपण कसें होतें हें ठरविण्यास साधनेंही आहेत. एन्फील्ड येथें 'पॅटर्न रूम' नांवाचें एक दालन होतें. मंजूर झालेल्या शस्त्राचा आदर्श नमुना मोहोरबंद करून तेथें ठेवीत, व पुढील माल त्याशीं ताडून पाहत. कारखाना १९८८ सालीं बंद झाला. तो संग्रह आधीं नॉटिंगहॅमला व २००५ सालीं लीड्स येथें रॉयल आर्मरीज या संग्रहालयाकडे गेला.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बाहेरची झळाळी आंतील दोष झांकते. ली-एन्फील्डचा बोल्ट त्या त्या रायफलीस बेतून बसविलेला असे, व म्हणूनच दोहोंवर एकच अंक ठोकीत. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला आणि काडतुसाच्या मागें फट अधिक राहिली, तर काडतुसाची पितळी नळकांडी फुटून तप्त वायु चालविणाऱ्याच्या तोंडावर येण्याचा संभव असतो. १८१३ सालीं कायद्यानें स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या 'प्रूफ हाउस'चें काम हेंच : नेहमींहून जबर बार भरून बंदुकीची परीक्षा घ्यावयाची, आणि उतरली तरच तिच्यावर ठसा उमटवावयाचा. रूपावरून गुणाची परीक्षा करूं नये, हें आपले वडील सोयरीक जमवितांना सांगत. तें येथें शब्दशः खरें आहे.

आपल्या देशांत हा छंद हौशी माणसास मोकळा नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें बंदूक बाळगण्यास परवाना लागतो, तसा तिच्या दुरुस्तीच्या धंद्यासही लागतो. वडिलोपार्जित शस्त्राचा परवानाही वारसास आपल्या नांवें घ्यावा लागतो. .३०३ रायफल तर निषिद्ध वर्गांत मोडते. मात्र ज्या जुनाट शस्त्रांतून दुरुस्ती करूनही बार निघूं शकत नाहीं, त्यांस हा कायदा लागू नाहीं. कित्येक वाड्यांच्या भिंतींवर टांगलेल्या तोड्याच्या बंदुका या वर्गांत येतील. त्याविषयीं शंका असेल तर पोलीस ठाण्यांत विचारून घ्यावें, आपणच निर्णय करूं नये.

अशी एखादी बंदूक, तलवार किंवा अडकित्ता घरांत असेल, तर आमचें सांगणें एवढेंच : पूर्ववत् करतां येणार नाहीं असें कांहीं तिला करूं नका. चिंच, वाळू, कांचकागद व वार्निश यांपासून ती दूर ठेवा. कोरड्या फडक्यानें धूळ पुसा. लोखंडास पातळ तेलाचा किंवा स्वच्छ मेणाचा हात द्या. ओल्या भिंतीवरून काढून कोरड्या जागीं ठेवा. ती कोणाची, कोठून आली, तिच्यावरची ती खोंच कशाची, हें घरांतील वृद्धांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा. हा कागद कोणत्याही झिलईहून मोलाचा आहे. गंज थांबविणें हें आपलें कर्तव्य होय. पण वय पुसून टाकण्याचा अधिकार आपणांस नाहीं, कारण तें वय त्या वस्तूनें आपल्या वाडवडिलांच्या हातांत मिळविलेलें असतें.