गॉथिक घर : शोभा आणि सत्य

टोकदार कमान ही गॉथिक शैलीची सर्वांत ठळक खूण होय. परंतु बाराव्या शतकांत फ्रान्समध्यें ही शैली उदयास आली ती केवळ नेत्रसुखासाठीं नव्हे. टोकदार कमानीचा बाहेरच्या बाजूस पडणारा रेटा अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षां कमी असतो. उरलेला रेटा बाहेरील दगडी धिरे पेलतात. त्यामुळें भिंतींवरचा भार हलका झाला आणि त्यांत प्रशस्त रंगीत कांचा बसविणें शक्य झालें. प्रचंड प्रार्थनामंदिरांचा हा थाट राहत्या घरांत आणावा तरी कसा? इंग्लंडांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें मिळतात.

पहिलें होरेस वॉलपोल याचें. लंडनजवळ ट्विकनहॅम येथें १७४७ सालीं त्यानें एक लहानसें घर भाडेपट्ट्यानें घेतलें आणि पुढें त्यास 'स्ट्रॉबेरी हिल' या गॉथिक वास्तूचें रूप दिलें. वेस्टमिन्स्टर अॅबींतील सातव्या हेन्रीच्या प्रार्थनामंदिराचें छत त्याच्या दालनांत अवतरलें. मात्र मूळचें दगडी, तर हें कागदाच्या लगद्याचें! जिन्यालगतच्या भिंतींवरील कोरीव काम म्हणजे वस्तुतः रंगविलेला कागद. ही फसवणूक खरी, पण राजीखुशीची. वॉलपोलला हवें होतें गूढ, उदास वातावरण. या घरांत पडलेल्या स्वप्नांतूनच १७६४ सालीं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही त्याची कादंबरी जन्मास आली.

दुसरें उत्तर ऑगस्टस प्युजिन याचें. सोय, बांधणी वा औचित्य यांस अनावश्यक असें कांहींहि इमारतींत नसावें, आणि अलंकार बांधणीच्या आवश्यक अंगांवरच चढवावा, असा दंडक त्यानें १८४१ सालच्या ग्रंथांत घातला. घरगुती सामानावर मनोरे व कळस उभारण्याच्या हौसेची त्यानें थट्टा केली. १८४३-४४ मध्यें रॅम्सगेट येथें स्वतःचें घर बांधतांना त्यानें खिडक्या ठेवल्या त्या खोल्यांच्या गरजेप्रमाणें; दर्शनी भाग सारखा दिसावा म्हणून नव्हे.

जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्या आराखड्यावरून १८७८ सालीं पूर्ण झालेलें मुंबई विद्यापीठाचें ग्रंथालय ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस प्युजिनचें म्हणणें सहज उमगेल. तेथील दगडी कमानी दिखाऊ नाहींत, आणि रंगीत कांचा सूर्यप्रकाशानेंच जिवंत होतात.

म्हणून घर सजविणाऱ्यानें आधीं ठरवावें : नाटकाचा पडदा हवा, कीं नित्याच्या वापराची वस्तु? पडदाच हवा असेल, तर लगद्याचें छतहि शोभेल. फक्त त्यास दगड म्हणूं नये. नित्याचा संसार करावयाचा असेल, तर सांधे न लपविणारें भक्कम लाकडी मेज आणि ऊन येणाऱ्या खिडकीस एखादी रंगीत कांच, एवढेंहि पुरेसें गॉथिक होय.