सायकलच्या हँडलची सुरक्षितता आणि पेटंटचा वाद

सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटावर आदळल्यास मुलांच्या यकृतास व प्लीहेस गंभीर इजा होऊ शकते. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी २००१ साली, आघात होताच आत सरकणाऱ्या हँडलची रचना मांडली.

अशा रचनांत नळी, स्प्रिंग हे घटक जुनेच असतात; म्हणून पेटंटचा वाद 'नावीन्य नेमके कशात?' या प्रश्नाभोवती फिरतो. मोटारीच्या पेडलसंबंधीच्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की, ज्ञात घटकांच्या जोडणीतून केवळ अपेक्षित परिणाम साधत असेल, तर ती बहुधा पेटंटपात्र ठरत नाही. हाच निकष हँडललाही लागू पडतो.

सारांश, पेटंट हेतूच्या थोरवीस नव्हे, कल्पकतेस मिळते. ते नाकारले गेल्यास संशोधकाचा मोबदला बुडतो; मात्र सुरक्षित हँडल बनविण्याची वाट सर्वांना मोकळी राहते.