पिवळा दिवा खोटं बोलतो का?

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासले आणि निवृत्तीनंतर पहिली चूक कोणती केली, तर सख्ख्या भाच्याच्या कर्जाला जामीन राहिलो. हे आमच्या सौभाग्यवतींचे मत. माझे मत विचाराल तर, चूक जामीन राहण्यात नव्हती. यंत्र घेताना मी नुसते कागद पाहिले, यंत्र पाहिलेच नाही, चूक ती होती.

भाचा सेलूजवळ राहतो. नुसत्या कपाशीवर भागत नाही, म्हणून त्याने गेल्या उन्हाळ्यात जुने खोदाईचे यंत्र घेतले. मागे खणायचा हात, पुढे माती भरायची बकेट. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे त्याला जेसीबीच म्हणतात. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रज गृहस्थाने १९४५ साली धंदा सुरू केला, तेव्हा आपली आद्याक्षरे वर्धा जिल्ह्यात सामान्यनाम होतील असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. भाच्याचे यंत्र दुसऱ्याच कंपनीचे, पण माझी बहीणदेखील ‘आमचा जेसीबी’ असेच म्हणते.

पंधरा दिवस यंत्र झकास चालले. मग दुखणे सुरू झाले. सकाळी ताजेतवाने असायचे. शेततळ्यावर दोन तास खोदाई झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि इंजिनाचा जीवच जायचा. कितीही रेस द्या, वर चढत नसे.

जुनी डिझेल इंजिने अशी रुसत नसत. ती धूर ओकत, पण चालत. १ एप्रिल २०२१ पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज चारचे प्रदूषण नियम लागू झाले. तेव्हापासून अशा यंत्रांत डिझेल किती आणि केव्हा फवारायचे, हे बहुधा एक छोटा संगणक ठरवतो. त्याला डोळे नाहीत. पाणी किती तापले, ऑइलचा दाब किती, क्रँक फिरून कुठे आला, हे त्याला सेन्सर कळवतात. काही विपरीत कळले की तो इंजिन वाचवण्यासाठी त्याची ताकद काढून घेतो. ही यंत्रे आता जुन्या बाजारात येऊ लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची दुखणीही.

पहिल्या मिस्त्रीने स्कॅनर जोडला, ‘पाण्याच्या टेंपरेचरचा कोड आहे’ म्हणाला आणि सेन्सर बदलला. दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. दुसऱ्याने दुसरा सेन्सर बसवला. तोच कोड. यंत्र उभे, ऑपरेटरचा पगार चालू आणि हप्त्याची तारीख जवळ. भाच्याची आई मला फोनवर काही बोलत नसे, नुसती तब्येत विचारत असे. ते जास्त लागायचे.

तिसरा मिस्त्री माझ्याच वयाचा. भल्या पहाटे आला आणि इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून स्कॅनर बघत बसला. पाणी २४ अंश, आत येणारी हवा २४ अंश.

“रातभर उभी होती ना जी, मंग दोन्ही आकडे सारखेच पाह्यजे. सेन्सर बरोबर आहे.”

मग त्याने यंत्र कामाला लावले. दीड तासाने दिवा लागला, तेव्हा आकडा ऐंशीच्या घरातून एका क्षणात सव्वाशेच्या पुढे गेला.

“पाणी असं उडी मारून नाही तापत, साहेब.”

इंजिन चालू ठेवूनच त्याने सेन्सरचा प्लग काढला. खरी गंमत इथे आहे. या सेन्सरला संगणक पाच व्होल्ट पाठवतो. पाणी तापले की सेन्सरचा विद्युतरोध घटतो आणि व्होल्टेज खाली येते. प्लगच काढला तर व्होल्टेज पूर्ण चढायला हवे आणि संगणकाला पाणी उणे चाळीस अंश गार वाटायला हवे. इथे सेन्सर हातात होता, तरी पडद्यावर पाणी उकळतच होते. म्हणजे तार वाटेत कुठेतरी लोखंडाला टेकत होती.

“पण कोड तर सेन्सरचा होता,” मी म्हणालो.

“कोडनं सेन्सर खराब आहे असं कुठी म्हटलं? ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं टेंपरेचर. पुढचा ४ म्हणजे व्होल्टेज कमी येऊन राह्यलं. एवढंच म्हटलं त्यानं.”

मी गप्प झालो. मला १९९२ सालचा जून आठवला. मी एका बँकेच्या शाखेत कृषी अधिकारी होतो. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे दोन हप्ते लेजरमध्ये थकीत दिसत होते. ‘भरले साहेब’ एवढेच तो म्हणत राहिला. पावती हरवली होती. मी लेजरवर बोट ठेवले. ऐन पेरणीत त्याचा ट्रॅक्टर आमच्या आवारात अकरा दिवस उभा राहिला. पुढे तपासणीत पैसे सापडले, त्याच गावच्या, त्याच नावाच्या दुसऱ्या खातेदाराच्या पानावर. थकबाकीचा आकडा पाहून मी माणूस बदलायला निघालो होतो, तार पाहिलीच नव्हती. ट्रॅक्टर न्यायला आला तेव्हा तो मला काही बोलला नाही. रजिस्टरवर सही केली आणि गेला.

तार इंजिनाच्या मागे सापडली. आधीच्या मालकाने रात्रपाळीसाठी जादा दिवे लावताना तारांचा जुडगा एका ब्रॅकेटला करकचून बांधला होता. इंजिन जोरात थरथरले की सोललेले तांबे लोखंडाला टेकायचे.

नवी तार आणायला भाचा आणि मी वर्ध्याला गेलो. वाटेत मगनवाडीतले मगन संग्रहालय लागले. गांधीजींनी ते १९३८ च्या डिसेंबरात उघडले. त्याआधी १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. यंत्र वीस वर्षे चालावे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत बसावी, अशी त्यात अट होती. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. भाच्याला हे सांगितले तर म्हणाला, “मामा, आपला तर पाच टक्का सेन्सरमध्येच गेला.”

मिस्त्रीने जाताना आणखी एक बजावले. प्रत्येक दिवा खोटा नसतो. ऑइलच्या दाबाचा दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचे, साधे काट्याचे गेज लावून दाब मोजायचा आणि मगच बोलायचे. काही महाभाग सेन्सरच्या जागी पाचदहा रुपयांचा रेझिस्टर लावून दिवा गप्प करतात आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात यंत्र मारतात. म्हणून जुने यंत्र गार असतानाच पाहायला जावे. चावी फिरवल्यावर सगळे दिवे एकदा लागून विझतात की नाही ते बघावे. जो लागतच नाही, त्याच्याबद्दल विचारावे. कोड आदल्या रात्री पुसता येतात, पण दोन तास मातीत राबवले की बरेचसे परत येतात. आम्ही सौदा केला तेव्हा इंजिन आधीच गरम होते आणि मालकाने चहा मागवला होता.

त्याने तार आणि मजुरीचे मिळून पाचशे रुपये घेतले. शेततळे पावसाच्या आधी पुरे झाले. दोन चांगले सेन्सर भाच्याच्या कपाटात पडून आहेत. दुकानदार इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही.